न दुखणाऱ्या डोक्याची गोळी

डोकं दुखलं म्हणून गोळी घेणारी माणसं गल्लीत पासरीभर सापडतील. त्यांच्यावर कोण शाई वाया घालवतो? आमचे गेनूतात्या डोकं अजिबात दुखत नसताना डोकेदुखीची गोळी घ्यायचे. तीही चोरून नव्हे. जुन्नरच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात, भर बाजाराच्या दिवशी, चारचौघांच्या साक्षीनं.

आधी गोळी उन्हाकडे धरायची. द्राक्षाचा मणी पारखावा तशी दोन बोटांत फिरवायची. मग चहाच्या घोटाबरोबर गिळून, मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून बसायचं. त्या वेळी कढईतलं भज्याचं तेलसुद्धा चरचरायचं थांबायचं. यावर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून हळू चरचरायचं असं म्हणतो. थोड्या वेळानं तात्या एक डोळा उघडून बातमी द्यायचे, "पोटात शांतता हाय." पुन्हा डोळा बंद. मग, "छातीत जरा धडधड हाय, पन ती चहाचीबी आसंल." शेवटी उपरणं झटकून उठायचे आणि निकाल जाहीर करायचे. 'ह्यो वाफा बरा' म्हणजे गोळी पास. 'वाफा जळतोय' म्हणजे नापास, आणि मग दिवसभर तात्या ढेकर देत हिंडणार.

मी तात्यांचा शेजारी, बाळू गिरणीवाला. आमच्या शेतांमध्ये एक बांध आहे आणि घरांमध्ये एक भिंत. बांधावरून आम्ही वर्षातून एकदा भांडतो आणि भिंतीवरून रोज कालवणाची वाटी देतो-घेतो. गिरणीत बसणाऱ्याला गावाची सगळी खबर दळून मिळते. त्यामुळे तात्यांबद्दल मी जे सांगतो ते खरंच आहे; फार तर चाळायचं राहिलं असेल.

'आधी एका वाफ्यावर बघू' हा तात्यांचा मंत्र. नवं बियाणं आलं की एका वाफ्यात लावून बघायचं, नवं खत एका वाफ्याला टाकून बघायचं. इथपर्यंत कुठलाही शहाणा शेतकरी येतो. तात्या तिथून पुढं निघाले ते थांबलेच नाहीत. घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा त्यांनी ओटीचा एकच खांब हिरवा केला आणि तीन ऋतू त्यावरून जाऊ दिले. अजून पोस्टमन 'हिरव्या खांबाचं घर' विचारत येतो. बाजारपेठेत नवं सलून निघालं, तर तात्यांनी एकच गाल करून घेतला, तसेच बाजारभर हिंडले, आग होत नाही याची खात्री केली आणि संध्याकाळी परत जाऊन दुसरा गाल पुढं केला. मधल्या वेळात तीन ओळखीच्या माणसांनी त्यांच्याशी बोलणं टाळलं, आणि एका अनोळखी माणसानं उजव्या बाजूनं नमस्कार करून डावीकडून विचारलं, की आत्ता इकडे एक दाढीवाले पाहुणे होते ते कुठं गेले?

जावयाचंही तेच. मुलगा बघायला आला, तर तात्यांनी त्याला सुपारी फोडायच्या आधी कांदा भरायला लावलं. पोरगं नोकरीवालं, पँट दुमडून बसलं बिचारं. त्यानं गोणीत बारका, गोळी कांदा खाली आणि मोठा वर असा भरला नाही, जसा हाताला लागला तसा भरला. तात्या म्हणाले, "व्यापाराला बाद, पन लेकीला चालंल."

आणि कंटेंट, म्हणजे औषधातला मूळ माल! तात्यांना कीटकनाशकाच्या बाटलीचं नाव कधी विचारू नका. नाव बघतो तो फसतो, असं त्यांचं म्हणणं. बाटली हातात आली की ती उलटी करायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायचा आणि खालची मुंगीएवढी मराठी अक्षरं वाचायची. एकदा औषधकंपनीचा एक टायवाला तरुण टोमॅटोच्या फडात उभा राहून नव्या औषधाचं कीर्तन करत होता. सगळा गाव माना डोलावत होता. तात्यांनी बाटली फिरवली, वाचली आणि शांतपणे परत दिली. "पावणं," म्हणाले, "ह्यो मागल्या सालचाच म्हातारा हाय. फक्त फेटा नवा बांधलाय." टायवाला त्या दिवशी टाय सोडून गेला, तो पुढं आमच्या तालुक्यात बिनटायचाच दिसला. फवारणीच्या एका पंपात दोन औषधं मिसळायची असली तर अख्खी वाडी तात्यांकडे यायची. दोन्हीत तोच माल असला तर पीक करपतं, हे त्यांनी आमच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं होतं.

असा हा माणूस गोळ्यांच्या नादी का लागला, याचे वाडीत बरेच तर्क होते. कुणी म्हणे चहाला निमित्त. कुणी म्हणे गोळीत गुंगी असते. मला वाटायचं, टोमॅटोवर करायचे तेवढे प्रयोग संपले, आता माणसाची पाळी. तात्या गोळ्या घ्यायचे पण सुट्या, दोन-दोन. एक दुकान जुन्नरचं, एक नारायणगावचं, एक मंचरच्या बाजाराचं. सगळं बी एका दुकानातून उचलायचं नसतं, हे त्यांचं कारण. दुकानदार कात्रीनं पाकिटाचा तुकडा कापून द्यायचा, आणि त्या तुकड्यावर नावाची शेपटी यायची किंवा नुसतं डोकं. खालची मुंगीएवढी अक्षरं कात्रीत जायची, आणि उरली तरी ती इंग्रजीत. कुणी हे तात्यांच्या ध्यानात आणून दिलं नाही. मीही नाही. त्यांना कंटेंटवरून शिकवायचं म्हणजे गणपतीला मोदकाची ओळख करून देणं.

डोकं खरंच दुखायचं ते शकूवहिनींचं, तात्यांच्या घरधनिणीचं. उठलं की दोन-दोन दिवस. कपाळाला फडकं आवळून, खोलीचं दार लावून पडायच्या. भिंतीपलीकडे मी गिरणीचा पट्टा उतरवून ठेवायचो. मागल्या वर्षी त्यांना नारायणगावच्या दवाखान्यात पोटाच्या दुखण्यानं ठेवलं होतं. तेव्हापासून त्या कुठली गोळी तोंडात घालत नव्हत्या. भांडं पडलं, स्पीकर लागला, ऊन लागलं, की डोकं उठलंच. म्हणून लग्नकार्यांना जाणंही त्यांनी सोडलं.

यंदा मात्र लग्न निघालं ते त्यांच्या भाचीचं, मंचरला, सख्ख्या भावाच्या दारात. बारशाला जिच्या कानात आत्या म्हणून वहिनींनीच कुर्र केलं, ती पोर. ती आमंत्रणाला आली तेव्हा वहिनींच्या गळ्यात पडून म्हणाली, आत्या, तू नाही आलीस तर मी हळदीला बसणारच नाही. वहिनी हसल्या, तिला कुंकू लावलं, आणि ती गेल्यावर माझ्या देखत तात्यांना म्हणाल्या, "तुमी जाऊन या. मंचरचं लगीन म्हंजी डीजे आलाच. माझं डोकं उठलं तर लग्नघराला घोर. पोरीच्या मांडवात मला फडकं बांधून निजायचं न्हाई." तात्यांनी उपरणं उचललं आणि बाहेर पडले. निकाल न देता तात्या उठले ही आमच्याकडे भूकंपाइतकी मोठी घटना. मी छपराकडे बघून घेतलं.

त्यानंतर गोळ्यांचा वेग वाढला. आधी बाजाराच्या दिवशी एक असायची, ती रोजची झाली. कधी सकाळ-संध्याकाळ. चहा वाढला. आणि एका सकाळी तात्या गिरणीत आले ते कपाळ दाबत. डोकं ठणकतंय म्हणाले. डोकं दुखत नसताना इतका काळ गोळ्या खाल्लेल्या माणसाचं शेवटी डोकं दुखलं! मला आधी आनंदच झाला. म्हटलं, आता प्रयोगाला काही अर्थ आला. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी तिथंच एक गोळी घेतली. उतार नाही. मग खिशातून दुसरी काढली, सर्दीची. मग तिसरी, अंगदुखीची. नावं वेगळी, रंग वेगळे. "एकीनं न्हाई तर दुसरीनं मरंल," म्हणाले. डोकं काही मरेना. चौथी आणायला मी त्यांना फटफटीवर घालून जुन्नरच्या पेठेत नेलं.

तिथं अस्लमभाईंचं औषधांचं दुकान आहे. अस्लमभाई आता नुसते गल्ल्याशी बसून सुपारी कातरतात. दुकान चालवते त्यांची लेक रुखसार, फार्मसी शिकून आलेली. ही पोरगी कात्रीला हात लावत नाही. पाकीट अख्खं देते आणि वर प्रश्न विचारते. एकदा माझ्या खोकल्याच्या औषधासाठी तिनं माझी इतकी उलटतपासणी घेतली, की खोकला भिऊन गेला. तात्या तिच्याकडे क्वचितच येत, ते याच कारणानं.

तात्यांनी गोळी मागितली. रुखसारनं विचारलं, आधी काय घेतलंय? तात्या म्हणाले, काही नाही, असंच किरकोळ. ती म्हणाली, खिसा दाखवा. आणि माझ्या देखत, टायवाल्यांची दाणादाण उडवणाऱ्या माणसानं मुकाट्यानं बंडीचा खिसा काउंटरवर उलटा केला. पाकिटांचे इतके तुकडे पडले की बाजूची खोकल्याची बाटली झाकली गेली.

रुखसारनं एकेक तुकडा उचलून बघितला, आतून पाकिटं आणून ताडून बघितली. मग तीन तुकडे तात्यांसमोर ओळीनं मांडले.

"तात्या, ही डोक्याची, हिच्यात पॅरासिटामॉल. ही सर्दीची, हिच्यातबी पॅरासिटामॉल. ही अंगदुखीची, हिच्यात तेच. नावं तीन, माल एक. सकाळपासून एकाच औषधाचे तीन पंप मारलेत तुम्ही अंगावर."

तात्यांचा चेहरा मी बांधाच्या भांडणातसुद्धा असा पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला, अख्खं पाकीट उलटं केलं, आणि रुखसारनं बोट ठेवलेली अक्षरं कितीतरी वेळ बघत राहिले. अस्लमभाईंनी सुपारी कातरणं थांबवलं.

पोरगी मात्र थांबायला तयार नव्हती. म्हणाली, हे औषध मापात असलं तर साधंभोळं, पण मापाबाहेर गेलं की लिव्हर जाळतं, आणि जळताना लिव्हर बोंब मारत नाही. या डोक्याच्या गोळीत वर कॅफीन आहे, चहात असतं तेच. तुम्ही ती चहाबरोबर घेता म्हणजे चहात चहा कालवता, मग छाती धडधडणार नाही तर काय होईल? आणि रोज रोज गोळी घातली की डोक्याला तिची सवय लागते. दूधवाल्याची वाट बघणाऱ्या मांजरासारखं ते गोळीची वाट बघत बसतं, आणि ती नाही आली की ओरडतं. आज तुमचं डोकं दुखतंय ते गोळ्यांनीच दुखतंय. मला तर तेव्हा माझ्याच डोक्यात मांजर ओरडल्यासारखं झालं.

मग तिनं चौथा तुकडा उचलला आणि तिचा आवाज बदलला. यात अ‍ॅस्पिरिन आहे, म्हणाली. रिकाम्या पोटी घेतली तर पोटाला जखम करते, ज्याचं पोट आधीच दुखावलंय त्यानं तर हात लावायचा नाही. हे सगळं घेताय कशाला तुम्ही? डोकं कुणाचं दुखतंय?

तात्या काउंटरच्या काचेकडे बघत होते.

"हिचं," म्हणाले. "संकष्टीचा उपास व्हता मागल्या साली. लेण्याद्रीच्या पायऱ्या उतरताना डोकं उठलं. माझ्या बंडीत एक गोळी व्हती, कुणाकडनं तरी घेतल्याली. म्या दिली. पोटात अन्नाचा कण नव्हता तिच्या. सांजच्याला उलटीतनं रगात पडलं." मग म्हणाले, "त्या दिसापास्नं ती गोळी घेत न्हाई. घ्यावी म्हनलं तर कंची देऊ? म्हनून आधी मी घिऊन बघतो. मला काय झालं न्हाई, तर तिला."

मी बाहेर फटफटीकडे बघत राहिलो.

रुखसारनं तुकडे गोळा करून टोपलीत टाकले. मग काउंटरच्या बाहेर येऊन तात्यांच्या शेजारी बाकावर बसली.

"तात्या, तुमच्या मुरमाड रानात टोमॅटो तगला म्हणून काकूंच्या वाफ्यात तगंल का? तुमचं पोट तुमचं, त्यांचं त्यांचं. तुम्ही जन्मभर गोळ्या खाल्ल्या तरी काकूंचं कळणार नाही. काकूंनाच घेऊन या. दवाखान्याचे मागचे कागद घेऊन डॉक्टरांकडे जाऊ."

आणि त्यांना तिनं एकही गोळी दिली नाही. उलट माझ्यावर जबाबदारी टाकली, की यांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्यायचं आणि सकाळपासूनचा हिशेब जसाच्या तसा सांगायचा, लाज धरायची नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं. लिव्हर शाबूत निघालं. तात्यांचं लिव्हर बघून डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले असं मी वाडीत सांगत असतो, पण ते बहुधा जेवायला निघाले असावेत. गोळ्या सगळ्या बंद, चहा हळूहळू कमी, आणि काही दिवस डोकं दुखेल ते सोसायचं, असं म्हणाले. मात्र दुखणं एकाएकी वीज पडल्यासारखं वाढलं, मान ताठली, दिसायचं किंवा बोलायचं बिघडलं, तर घरी सोसत बसायचं नाही, थेट इकडं यायचं.

दुखलं, आणि चांगलंच दुखलं. तात्यांनी ओटीवर फेऱ्या घातल्या, हिरव्या खांबाला कपाळ टेकलं, कोंबड्यांना शिव्या दिल्या. शेवटी वहिनींनी त्यांना हाताला धरून आपल्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि आपल्यातलं एक फडकं त्यांच्या कपाळाला आवळलं. दुपारी मी भाजीची वाटी द्यायला गेलो, तर दोघं भिंतीला टेकून बसलेली. वहिनी त्यांच्या कानशिलांवर बोटं फिरवत होत्या.

"शके," तात्या हळू आवाजात म्हणत होते, "ह्ये आसं व्हतं तुला?"

"ह्ये काय," वहिनी म्हणाल्या, "ह्ये तर उतारावरचं झालं."

तात्यांनी त्यांचा हात कानशिलावरून काढून आपल्या हातात घेतला. मी वाटी उंबऱ्यावर ठेवून आवाज न करता परतलो. ती भाजी मांजरानं अर्धी खाल्ली, अर्धी टाकली आणि आळ माझ्या बायकोच्या स्वयंपाकावर आला, पण ते असू द्या.

डोकं उतरल्यावर तात्या स्वतः वहिनींना डॉक्टरांकडे घेऊन गेले. वहिनी जायला तयार नव्हत्या. तात्यांनी बंडीचा रिकामा खिसा उलटा करून दाखवला, तेव्हा निघाल्या. डॉक्टरांनी कागद वाचले, पोट तपासलं. अ‍ॅस्पिरिन आणि त्या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या वहिनींना कायमच्या वर्ज्य केल्या. डोकं वरचेवर उठतं म्हणून ते उठूच नये यासाठी वेगळं औषध सुरू केलं. आणि उठलंच तर एकट्या पॅरासिटामॉलची साधी गोळी, काही खाल्ल्यावर, सुरुवातीलाच, आणि आठवड्यात फार तर दोन दिवस. सोबत दुसरं कुठलं सर्दी-खोकल्याचं नाही. दिवसभर पोट रिकामं ठेवायचं नाही, असंही बजावलं. वहिनी आता संकष्टीला दुपारीच खिचडी खातात. गणपतीनं तक्रार केल्याचं माझ्या कानावर नाही.

लग्नाच्या दिवशी वहिनी मंचरला गेल्या. जरीचं लुगडं, नाकात नथ, पिशवीत रुखसारनं दिलेलं अख्खं पाकीट. भाचीनं मांडवाच्या दारातच त्यांना मिठी मारली. मीही आमंत्रणातला, जेवायचा पक्का. वऱ्हाड दारात आलं आणि डीजे सुरू झाला. काय सांगू राव! हायवेवरचे कांद्याचे ट्रक दबकून जात होते. शेजारच्या बंगल्याच्या काचा एकमेकींशी बोलत होत्या. मी तात्यांना शोधलं. पंगतीत नाहीत, वऱ्हाडात नाहीत. शेवटी दिसले ते स्पीकरच्या भिंतीपाशी, बायकांच्या खुर्च्यांकडे तोंड असलेल्या बाजूला. त्यांनी आवाज कमी करायला सांगून पाहिलं होतं. नवरदेवाच्या मित्रांनी त्यांना नाचायला ओढलं होतं. मग त्यांनी मांडववाल्याच्या गाद्या आणून त्या बाजूच्या स्पीकरांपुढं एकावर एक रचल्या होत्या, आणि कुणी त्या काढून नेऊ नयेत म्हणून स्वतः त्यांना पाठ लावून बसले होते. कानाला उपरणं गुंडाळलेलं. दर ठोक्याला अख्खा माणूस गादीसकट पुढं सरकायचा आणि पुन्हा मागं रेटून बसायचा.

तिकडे वहिनी खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत भावजयांच्या गराड्यात होत्या. मी जवळून गेलो तर मला ओढून म्हणाल्या, "बाळूभावजी, बघितलं का तुमच्या तात्यांना? म्हातारपनी डीजेचा नाद लागलाय. लाज न्हाई, स्पीकरला जाऊन चिकटलेत." भावजया खो खो हसल्या. मी पण हसलो. मला सांगता आलं असतं. पण जन्मभर तिखटमीठ लावून सांगत आलो, आणि इथं सरळ सांगायचं तर शब्द सापडेना.

मी तात्यांच्या शेजारी जाऊन बसलो. बोलणं शक्यच नव्हतं. त्यांनी वहिनींकडे बोट दाखवलं, हाताचा घास करून तोंडाशी नेला आणि भुवया उंचावल्या. जागा सोडून त्यांना जाता येत नव्हतं, म्हणून मी जाऊन बघून आलो. वहिनींना बसल्या जागीच ताट आलं होतं, त्यात जिलेबी दुसऱ्यांदा वाढली जात होती, आणि त्या हात आडवा करता करता तो काढून घेत होत्या. मी लांबूनच तात्यांना मान हलवून होय म्हटलं.

तात्यांनी पाठ गाद्यांना आणखी घट्ट लावली आणि पाय पसरून बसले.